सोळा उभे पट्टे आणि दोन नांगर: अमेरिकी तटरक्षक दलाच्या चिन्हाचा अर्थ

भर समुद्रात एखादे जहाज दुसऱ्या जहाजाला थांबण्याची खूण करते, तेव्हा थांबायचे की वेग वाढवून निघून जायचे, हे समोरच्या कप्तानाला थोड्याच वेळात ठरवावे लागते. खूण करणारे जहाज चाच्यांचे असेल तर थांबणे धोक्याचे असते आणि सरकारी असेल तर न थांबणे धोक्याचे असते. तेथे ओळखपत्र दाखवायची सोय नसते. दुरून दिसेल ते निशाण आणि जहाजाच्या अंगावर रंगवलेले चिन्ह, एवढाच पुरावा हाती असतो. सागरी सुरक्षेचे काम करणाऱ्या सरकारी यंत्रणांची चिन्हे समजून घ्यायची असतील, तर त्यांतील नांगर, ढाली आणि ब्रीदवाक्ये यांचे अर्थ पाहण्याआधी ही अडचण ध्यानात घ्यावी लागते. या लेखासाठी अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे चिन्ह निवडले आहे, कारण ते टप्प्याटप्प्याने घडत गेले आणि त्यातील बहुतेक टप्प्यांमागची कारणे नोंदलेली आहेत.

आधी चिन्ह डोळ्यांसमोर आणू. मधोमध एक ढाल आहे. तिच्या वरच्या भागात निळा आडवा पट्टा असून त्याखाली पांढरे आणि तांबडे असे एकूण तेरा उभे पट्टे आहेत. ढालीभोवती गोल कडे आहे आणि त्यावर दलाचे नाव व १७९० हे वर्ष कोरलेले आहे. या साऱ्याच्या मागून दोन नांगर एकमेकांना छेदत बाहेर डोकावतात. सोबत 'सेंपर पॅरेटस' हे लॅटिन ब्रीदवाक्य आहे, ज्याचा अर्थ 'सदैव सज्ज' असा होतो.

युरोपात बाराव्या शतकापासून ढालीवरील चिन्हांची जी पद्धत रूढ झाली, तिच्यात कुलचिन्ह आणि बिल्ला हे दोन वेगळे प्रकार मानले जात. कुलचिन्ह सरदाराचे स्वतःचे असे. ते ढालीवर रंगवले जाई आणि वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाई. बिल्ला मात्र त्या सरदाराच्या चाकरीतल्या माणसांनी अंगावर वागवायचा असे. तो पाहिला की हा माणूस कोणाचा, हे कळे. तटरक्षक दलाच्या चिन्हाला हा भेद लावून पाहिला तर त्याची रचना चटकन उलगडते. मधली ढाल दलाची नाहीच. ती अमेरिकेच्या राजमुद्रेवरची, म्हणजे खुद्द राष्ट्राची ढाल आहे. दलाचे स्वतःचे म्हणावे असे त्यात नांगर, कडे आणि ब्रीदवाक्य एवढेच आहे. ज्याच्या नावाने हुकूम चालतो त्याची खूण मध्यभागी आणि जो हुकूम बजावतो त्याची खूण भोवताली, अशी ही मांडणी आहे. जगातल्या बहुतेक सरकारी खात्यांची चिन्हे याच रीतीने बनलेली दिसतात.

राष्ट्राची ती ढाल २० जून १७८२ रोजी मंजूर झाली. तिचा अंतिम आराखडा अमेरिकी काँग्रेसचे सचिव चार्ल्स थॉमसन यांनी सिद्ध केला आणि सोबत त्याचा खुलासाही लिहून ठेवला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तेरा उभे पट्टे ही तेरा राज्ये आहेत आणि त्या सर्वांना वरून जोडून धरणारा निळा पट्टा ही काँग्रेस आहे. पांढरा रंग निर्मळपणाचा, तांबडा काटकपणाचा व शौर्याचा आणि निळा दक्षता, चिकाटी व न्याय यांचा, असेही त्यांनी नमूद केले आहे. हे अर्थ आज शाळेतल्या मुलांनाही शिकवले जातात. पण हेच तीन रंग अमेरिकेच्या ध्वजासाठी १७७७ मध्येच ठरले होते आणि त्या ठरावात रंगांच्या अर्थाविषयी एक अक्षरही नाही. चिन्हांच्या बाबतीत असे पुष्कळदा घडते. रंग आधी येतात आणि त्यांचे अर्थ मागाहून लावले जातात. थॉमसन यांचा खुलासा खोटा ठरत नाही, पण तो कारण म्हणून न वाचता भाष्य म्हणून वाचावा, हे बरे. आणखी एक बारकावा असा की, ध्वजावर सात पट्टे तांबडे आणि सहा पांढरे आहेत, तर राजमुद्रेवरील ढालीत नेमके उलटे, सात पांढरे आणि सहा तांबडे आहेत.

नांगरांकडे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीच्या नांगराला एक उभा दांडा, खाली दोन वाकडे फाळ आणि वर एक आडवी काठी असते. ही आडवी काठी फाळांच्या रेषेत बसवलेली नसते. ती त्यांना काटकोनात असते. नांगर तळाला टेकला की ही काठी आडवी पडते, त्यामुळे नांगर उलथतो, दोहोंपैकी एक फाळ खाली वळतो आणि चिखलात रुततो. काठी फाळांच्याच रेषेत असती तर नांगर सपाट पडून राहिला असता आणि जहाज वाहून गेले असते. तरीही जगभरच्या चिन्हांत नांगर रेखाटताना काठी आणि फाळ एकाच पातळीत दाखवतात, कारण खऱ्या नांगराप्रमाणे काढायचे झाले तर समोरून काठी केवळ एका ठिपक्यासारखी दिसेल आणि नांगराचा आकार ओळखूच येणार नाही. खलाशी अशा नांगराच्या भरवशावर जहाज सोडणार नाही; चितारी मात्र तोच काढील, आणि चिन्हापुरते चितार्‍याचेच बरोबर आहे. ख्रिस्ती परंपरेत नांगर हे आशेचे प्रतीक आहे आणि तो संदर्भ बायबलपर्यंत मागे जातो. पण तटरक्षक दलाच्या चिन्हात तो येण्याला एवढा खोल अर्थ लागत नाही. समुद्राशी संबंध आहे हे एका नजरेत सांगणारी त्याहून सोपी आकृती नाही.

आता कड्यावरच्या १७९० या वर्षाकडे येऊ. स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर अमेरिकेने आपले आरमार मोडीत काढले होते आणि नव्या संघराज्याची तिजोरी प्रामुख्याने आयात मालावरच्या जकातीवर अवलंबून होती. बंदराबाहेर अंधारात माल उतरवून जकात चुकवणे हा तेव्हा अनेकांचा अंगवळणी पडलेला व्यवहार होता. पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी त्यावर उपाय म्हणून लहान, वेगवान, शस्त्रसज्ज जहाजे बांधण्याची मागणी केली आणि ४ ऑगस्ट १७९० रोजी काँग्रेसने अशा दहा जहाजांना मंजुरी दिली. या जहाजांना 'कटर' म्हणत. तटरक्षक दल आजही पासष्ट फूट किंवा त्याहून लांब आणि कायम खलाशी असलेल्या आपल्या प्रत्येक जहाजाला कटरच म्हणते. चिन्हावरचे वर्ष या दिवसाचे आहे. त्या वेळी 'तटरक्षक दल' हे नावही अस्तित्वात नव्हते; होते ते जकात वसुलीचे सागरी खाते.

या खात्याची अडचण पहिल्याच काही वर्षांत उघडी पडली. कटर आणि व्यापारी जहाज यांच्या बांधणीत दुरून कळावा असा फरक नव्हता. दोन्हींवर राष्ट्रध्वजच फडकत असे. थांबण्याचा इशारा देणाऱ्या जहाजाला तो अधिकार आहे की नाही, हे समोरच्याला कळण्याचा मार्ग नव्हता; आणि जकात चुकवणाऱ्याला 'मला ओळखू आले नाही' असे म्हणायला आयती पळवाट होती. म्हणून २ मार्च १७९९ च्या कायद्याने ठरवले की, जकात खात्याच्या जहाजांनी इतरांपासून वेगळे ओळखू येईल असे खास निशाण आणि लांब फरारा, म्हणजे अरुंद पताका, लावावा व त्यावरच्या खुणा राष्ट्राध्यक्षांनी ठरवून द्याव्यात. यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. हे निशाण चढवल्यावर आणि इशाऱ्याची एक तोफ डागल्यावरही एखादे जहाज थांबले नाही, तर कटरच्या कप्तानाला त्यावर गोळीबार करण्याची मुभा होती आणि त्याबद्दल होणाऱ्या खटल्यापासून त्याला संरक्षण होते. निशाण न चढवता गोळी झाडली तर हे संरक्षण मिळणार नव्हते. शिक्का नसलेल्या दाखल्याची कचेरीत जी गत होते, तीच निशाणाविना दिलेल्या हुकमाची समुद्रावर होत असे. हक्क नसताना हे निशाण लावणाऱ्या जहाजाला दंड होता, यावरूनही त्याचे मोल कळते. निशाण, इशारा आणि बळाचा वापर यांना जोडणारी ही तरतूद बदललेल्या स्वरूपात आजही अमेरिकी कायद्यात आहे.

निशाणाचे रूप १ ऑगस्ट १७९९ च्या आदेशाने ठरले. तो अर्थमंत्री ऑलिव्हर वोल्कॉट यांनी काढला होता. तांबडे आणि पांढरे असे सोळा उभे पट्टे आणि वरच्या कोपऱ्यात पांढऱ्यावर गडद निळ्या रंगात राष्ट्राचे मानचिन्ह, म्हणजे गरुड, असे ते रूप होते. पट्टे उभे का, याचे उत्तर सोपे आहे: राष्ट्रध्वजाचे पट्टे आडवे होते. रंग तेच ठेवल्याने जहाज अमेरिकेचे आहे हे कळे आणि दिशा बदलल्याने ते व्यापारी नाही हेही कळे. इतक्या थोड्या बदलात एवढे काम साधणारी युक्ती चिन्हांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

सोळा या आकड्याचीही एक गंमत आहे. मूळच्या तेरा राज्यांत १७९९ पर्यंत व्हर्मॉन्ट, केंटकी आणि टेनेसी यांची भर पडून राज्ये सोळा झाली होती, म्हणून सोळा पट्टे. राष्ट्रध्वज मात्र तेव्हा पंधरा पट्ट्यांवर थांबला होता, म्हणजे जकात खात्याचे निशाण प्रत्यक्ष राष्ट्रध्वजापेक्षा अद्ययावत होते. पुढे राज्ये वाढत गेली, १८१८ मध्ये राष्ट्रध्वजाचे पट्टे पुन्हा तेरावर आणून नवी राज्ये केवळ ताऱ्यांनी दाखवायचे ठरले. पण या निशाणाचे सोळा पट्टे कोणी हलवले नाहीत. त्यामुळे आजही त्यावर १७९९ मधली अमेरिका जशीच्या तशी मोजता येते.

या निशाणात चिन्हाची, म्हणजे नांगर आणि ढालीच्या बिल्ल्याची, भर पडली ती १९१० मध्ये, आणि तीही गोंधळ टाळण्यासाठीच. मधल्या शतकभरात जकात खात्याच्या किनाऱ्यावरच्या इमारतींवरही हेच उभ्या पट्ट्यांचे निशाण लागू लागले होते, इतर सरकारी बोटीही ते वापरू लागल्या होत्या. ज्या निशाणाच्या बळावर गोळीबाराची मुभा मिळते ते कोणत्याही कचेरीच्या छपरावर दिसू लागले, तर त्याची धार बोथट होणारच. ७ जून १९१० रोजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी आदेश काढून कटरांच्या निशाणावर, काठीपासून दूरच्या मोकळ्या भागात, दलाचे चिन्ह टाकायला लावले. बिल्ला नसलेले निशाण जकातीच्या इमारतींकडे राहिले आणि बिल्ला असलेले कटरांकडे आले. 'सेंपर पॅरेटस' हे ब्रीद या खात्याच्या संदर्भात एकोणिसाव्या शतकापासून वापरात होते. या चिन्हाबरोबर ते निशाणावर पोहोचले.

पुढच्या काळात खाते वाढत गेले. २८ जानेवारी १९१५ रोजी जकात खात्याची जहाजे आणि बुडणाऱ्यांना वाचवणारी किनाऱ्यावरची जीवरक्षक सेवा एकत्र करून 'तटरक्षक दल' हे नाव देण्यात आले. १ जुलै १९३९ रोजी दीपगृहांचे खाते त्यात विलीन झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व्यापारी जहाजांच्या तपासणीचे कामही आले. जीवरक्षक सेवेचे स्वतःचे चिन्ह होते: जीवरक्षक कडे आणि त्यामागे छेदणारे एक वल्हे व एक आकडीची काठी. उधाणात होडी ढकलणाऱ्या माणसांच्या हातातली ही खरी अवजारे होती. माझ्या मते ते दोन नांगरांपेक्षा कितीतरी बोलके चिन्ह होते, पण विलीनीकरणात मुख्य बिल्ल्यावर त्याला जागा मिळाली नाही. दीपगृहालाही मिळाली नाही. वर्षाच्या बाबतीत तर आणखी एक पेच आहे. दीपगृहांची राष्ट्रीय व्यवस्था ७ ऑगस्ट १७८९ च्या कायद्याने सुरू झाली होती, म्हणजे १९३९ पासून दलाचा एक घटक बिल्ल्यावरच्या वर्षापेक्षा जुना आहे. तरीही १७९० कायम राहिले. चिन्हावरचे वर्ष हा इतिहासाचा काटेकोर हिशोब नसतो. आपण कोणाचे वारस म्हणवून घेतो, याचा तो दावा असतो आणि येथे तो दावा दहा कटरांचा आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यात जुनी अडचण नव्या रूपात परत आली. दलाची कटरे पांढरी, समुद्रातले बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, सांभाळणारी जहाजे काळी, तर बर्फ फोडणारी जहाजे पुढे तांबडी रंगवली जाऊ लागली. शिवाय विमाने, हेलिकॉप्टर, लहान बोटी होत्या. हे सारे एकाच दलाचे आहे, हे सामान्य माणसाला कळत नव्हते. हातभर लांबीच्या गोल बिल्ल्यात ढाल, तेरा पट्टे, अक्षरे, वर्ष आणि दोन नांगर कोंबलेले असले, तर मैलभरावरून त्यातले काय दिसणार? कागदावर किंवा गणवेशाच्या बटणावर जे शोभून दिसते, ते जहाजाच्या अंगावर नुसता डाग होऊन बसते.

यावरचा तोडगा चिन्हशास्त्राच्या जाणकाराने काढला नाही. तो औद्योगिक रचनाकाराने काढला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विमानाची रंगसंगती रेमंड लोवी यांनी नव्याने ठरवून दिली होती आणि ती लोकांना आवडली होती. त्याच ओघात सरकारच्या इतर खात्यांच्या दृश्य रूपाचा विषय निघाला आणि तटरक्षक दलाचे काम लोवी आणि विल्यम स्नेथ यांच्या संस्थेकडे आले. त्यांनी सुचवलेली खूण अशी: जहाजाच्या पुढच्या भागावर खालून वर जाणारा एक रुंद तांबडा तिरपा पट्टा, त्याला लागून एक अरुंद निळा पट्टा, दोन्ही ६४ अंशांत कललेले, आणि रुंद तांबड्या पट्ट्यावर दलाचा बिल्ला, तोही सोपा करून, म्हणजे बारीक तपशील कमी करून. ६ एप्रिल १९६७ रोजी ही खूण साऱ्या दलाला लागू झाली.

येथे जुन्या चिन्हशास्त्रातला एक नियम आठवतो. त्यात पिवळा आणि पांढरा यांना सोने व चांदी समजून 'धातू' म्हणत आणि तांबडा, निळा, हिरवा, काळा वगैरेंना 'रंग'. रंगावर रंग किंवा धातूवर धातू ठेवू नये, असा तो नियम होता. कारण व्यवहारी होते: तांबड्यावर निळे किंवा पांढऱ्यावर पिवळे दुरून वेगळे दिसत नाही. शुभ्र जहाजावर गडद तांबडा पट्टा आणि त्या तांबड्यावर पुन्हा पांढऱ्या पार्श्वभूमीचा बिल्ला, ही लोवींची मांडणी त्या नियमात अगदी चपखल बसते. पट्ट्याचा कलही निव्वळ शोभेचा नाही. जहाजावर डेक, खिडक्या, कठडे, पाण्याची रेषा असे सारे आडवे असते आणि डोलकाठ्या उभ्या असतात. त्या गर्दीत तिरपी रेषा एकटीच असल्याने नजर तिच्यावर जाते. १७९९ मध्ये आडव्यांच्या जोडीला उभे पट्टे आणून जे साधले, ते १९६७ मध्ये तिरपे पट्टे आणून साधले.

दलातल्या जुन्या मंडळींना हे रुचले नाही. लढाऊ परंपरेच्या जहाजांना जाहिरातीसारखे रंगवले, अशी नाराजी होती. प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या 'ईगल' या शिडाच्या जहाजावर तर हा पट्टा १९७६ मध्ये, स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या वर्षी चढला, तोवर त्याचे पांढरे अंग कोरेच राहिले. जुन्या घाटाच्या शिडाच्या जहाजावर तो पट्टा काहीसा उपरा वाटतो, हे मान्य करायला हवे. पण ज्या कामासाठी तो आणला ते काम त्याने चोख केले आणि त्याचा पुरावा म्हणजे इतर देशांनी त्याचे केलेले अनुकरण. कॅनडाच्या तटरक्षक दलाच्या तांबड्या जहाजांवर पांढरा तिरपा पट्टा आहे, इटलीच्या जहाजांवरही तिरपे पट्टे आहेत. तिरपा पट्टा दिसला की जहाज तटरक्षक दलाचे, हे आता कोणत्याही करारावाचून जगभर समजले जाते.

भारतीय तटरक्षक दलाच्या पांढऱ्या जहाजांवरही असेच तिरपे पट्टे आहेत आणि दलाच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय मुंबईत असल्याने कोकण किनाऱ्यावर ते पाहण्याचा योग पुष्कळांना येतो. आपल्या दलाच्या जन्मामागचे एक कारणही हॅमिल्टन यांच्या कारणासारखेच होते: समुद्रमार्गे होणारी तस्करी आणि त्यातून बुडणारा महसूल. त्याचा विचार करण्यासाठी १९७४ मध्ये के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १ फेब्रुवारी १९७७ रोजी दलाचे काम सुरू झाले आणि १८ ऑगस्ट १९७८ पासून त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. पट्ट्याची कल्पना सर्वांची सारखी असली, तरी बिल्ला ज्याचा त्याने आपला ठेवला आहे. भारतीय दलाच्या निळ्या निशाणावर वरच्या कोपऱ्यात तिरंगा आहे, मोकळ्या बाजूला दलाचे चिन्ह आहे आणि ब्रीदवाक्य संस्कृतात आहे: 'वयम् रक्षामः', म्हणजे 'आम्ही रक्षण करतो'.